दोन दिवसांचा बर्फ

आमच्या घरमालकांच्या घरात 'उद्या' म्हणायला बंदी होती. तशी पाटी लावलेली नव्हती, पण मी खोली बघायला गेलो त्याच दिवशी नियम कळला. मी म्हणालो, "काका, खोली पसंत आहे. सामान उद्या आणतो." काका अंगणात जाळ्याच्या गाठी मारत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आज आनसान तं खोली तुमची," ते म्हणाले. "नाईतं मंग जवा आनसान तवा पाहू."

मी तसाच मेहकरला परतलो, एक लोखंडी पेटी आणि एक वळकटी यांच्यासाठी जीपवाल्याच्या हातापाया पडलो आणि दिवेलागणीला हजर झालो. पुढं कळलं की ती खोली दोन वर्षं रिकामीच होती आणि माझ्याशिवाय तिला दुसरं गिऱ्हाईक आलंच नव्हतं.

मी त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो होतो. शिकवायला म्हणजे, आठवीच्या पुस्तकात जेवढं होतं तेवढं मला येत होतं, आणि तेवढ्यावर जगातलं सगळं समजतं असा माझा समज होता. गाव धरणाच्या काठावर. काका भोई. त्यांचे वडील नदीत मासे धरायचे. मग धरण झालं, नदी रुंद झाली, आणि काका धरणात मासे धरू लागले. बाकीचे लोक ट्रॅक्टरच्या ट्यूबवर नाही तर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत. काकांकडे मात्र वडिलांच्या हातची लाकडी नाव होती, वर्षानुवर्षं डांबर पिऊन काळीठिक्कर झालेली.

"काका, 'उद्या' का नाही म्हणायचं?" मी एकदा विचारलं.

"माशाले उद्या नसते, मास्तर. पान्यातून काढला का त्याचा आजच चालू असते."

मग घरातली कामं कशी ठरत? "आज नाई" असं म्हणून. माझ्या खोलीचं छत गळत होतं. मी दर आठवड्याला विचारायचो, कधी दुरुस्त करता? काका म्हणत, "आज नाई." दोन पावसाळे मी या दोन शब्दांखाली बादली ठेवून झोपलो.

काका माणसं माशांवरून पारखत. आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "डोये आत गेले ह्या मानसाचे. परवाचा माल हाये." ग्रामसेवकाला म्हणाले, "दिसते चकचकीत, पन दाबून पाहा, बोट आत जाते." माझ्याकडे बघून म्हणाले, "कल्ले अजून लाल हायेत." हे मी बरेच दिवस कौतुक समजत होतो. अजून, हा शब्द मी नीट ऐकला नव्हता.

आणि मफलर. मे महिन्यात, जेव्हा डोणगावच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटून येतं, तेव्हा काका डोक्याला लोकरी मफलर गुंडाळून नावेत बसत. पहिल्या उन्हाळ्यात मला राहवलं नाही. एके दिवशी एका लग्नघरून त्यांना बर्फाचा तुकडा मिळाला होता आणि तो ते चक्क गोधडीत गुंडाळत होते.

"काका, असं नका करू," मी विज्ञान शिकवलं. "गोधडी गरम असते. बर्फ लवकर वितळेल."

काका थांबले. त्यांनी गोधडीची घडी माझ्या गालाला लावली. "सांगा, गरम हाये का?"

"नाही... पण पांघरल्यावर..."

"पांघरल्यावर तुमी गरम असता, मास्तर. गोधडी गरम नसते. गोधडी फक्त दार लावून घेते. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

त्या घरात आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायची रीत किती खोल होती, हे कळायला मला बराच वेळ लागला. आणि कळलं तेव्हा उपयोग नव्हता.

*

काकू आठवडी बाजारात मासे विकायच्या. चाळण्या विकणाऱ्याच्या शेजारी त्यांची जागा होती, तीस वर्षांची. त्यांचा नवरा सगळ्यांची पारख करायचा, पण काकू ओरडत नसत, बोलावत नसत, भाव सांगताना शपथा घेत नसत. गिऱ्हाईक समोर आलं की माशाचा कल्ला अंगठ्यानं उचलून दाखवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "पाहा." आत लालभडक असायचं. गिऱ्हाईक पिशवी उघडायचं. दुपारपर्यंत टोपलं रिकामं. त्या टोपल्याखालचं पोतं झटकून घडी घालताना काकूंच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरींच्या चेहऱ्यावरच पाहिलं आहे.

आता माझ्या आजारपणाची गोष्ट सांगतो. आधी, ती मी तेव्हा कशी सांगायचो ते.

मी सांगायचो की काकूंनी मला कटल्याचे चार तुकडे दिले, मी खाल्ले, आणि संध्याकाळी तो कटला माझ्या पोटात जिवंत झाला. इथं मी दोन्ही हात जोडून, बोटं वळवळवत, पोटावरून मासा पोहत गेल्याचा अभिनय करायचो. आधी तो जठरात पोहला, मग त्याला धरणाची आठवण आली आणि तो सांडवा शोधू लागला. सांडवा सापडला. मग दोन दिवस मी सलाइनच्या बाटलीखाली, आणि डॉक्टर म्हणतात, मास्तर, तुमच्यात पाणी राहिलं नाही, दुष्काळ जाहीर करावा लागेल.

शिक्षकांच्या खोलीत हसून हसून एकाच्या हातातला चहा सांडला. मग मी ती गोष्ट चहाच्या हॉटेलात सांगितली. मग बसथांब्यावर. मग बाजारात, चाळण्यावाल्यालाही. लोक मला थांबवून विचारायचे, "मास्तर, ते पोहून राह्यला ते करून दाखवा ना." मी दाखवायचो.

आता खरं काय झालं ते.

काकूंनी तुकडे दिले ते बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, हळद-मीठ लावून. "सर, आत्ताच तळा बरं," असं बजावून. पण मला एका विद्यार्थ्याच्या घरी बारशाचं जेवण होतं. मी ताटलीवर ताटली झाकली, कोनाड्यात ठेवली आणि जिलेबी खायला गेलो. मे महिना. पत्र्याचं छत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मला तुकड्यांची आठवण झाली. तळायला तेल नव्हतं. मी वाटी घेऊन काकूंकडे गेलो.

काकूंनी वाटीत तेल ओतता ओतता विचारलं, "कालचाच हाये का?"

"हो."

"नोका खाऊ सर. फेकून द्या. मी दुसरा देतो."

"काकू," मी म्हणालो, "तळल्यावर सगळे जंतू मरतात. पुस्तकात आहे."

काकू शाळेत गेलेल्या नव्हत्या. पुस्तकापुढं त्या गप्प बसल्या. मी तेल घेऊन गेलो.

माझ्या गोष्टीत ही तेलाची वाटी कधी आली नाही. मी स्वतःवर हसणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे; पण स्वतःवर हसणारा माणूससुद्धा बेरकी असतो. जिथं खरंच दुखेल तिथं तो हात लावत नाही. वाटी सांगितली असती तर लोक मला मूर्ख म्हणून हसले असते. वाटी गाळली म्हणून ते माझ्यासोबत हसले. फरक एवढाच होता.

तीन बाजारांत काम झालं. पहिल्या बाजारात लोकांनी मासा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. दुसऱ्या बाजारात कुणीतरी दुसऱ्याला विचारलं, "हा मास्तरवाला मासा का बे?" तिसऱ्या बाजारातून काकू टोपलं डोक्यावर घेऊन परत आल्या. वर ओलं पोतं झाकलेलं होतं. मी ओट्यावर बसलो होतो. मला वाटलं, आता त्या म्हणतील. काकू टोपलं उतरवून म्हणाल्या, "सर, चहा घेसान?"

त्यांना एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं. बाजारात उभं राहून म्हणायचं होतं, मास्तरनं शिळा खाल्ला, म्या नाई म्हनलं होतं. मी हिंमत करून एकदा आडून विचारलं, की काकू, लोक काहीबाही बोलतात, तुम्ही त्यांना काही सांगत का नाही?

"घरात राह्यनाऱ्याचं नाव बाजारात घेत नसतेत, सर," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटायला वळल्या.

भाडेकरूचाही यात समावेश होतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या भाडेचिठ्ठीत ते लिहिलेलं नव्हतं.

*

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काका एक दिवस माझ्या दारात येऊन उभे राहिले. "मास्तर, तुमी विज्ञान शिकोता ना? नावेत बर्फाची पेटी करू. नावेतच, बसवून. जाळ्यातून निंघाला का मासा डायरेक बर्फात. त्याले उन्ह दिसलंच नाई पायजे."

"चांगली कल्पना आहे. किती तास बर्फ टिकायला हवा?"

"दोन दिवस."

मी हसलो. "काका, नाव काठाला लागायला एक तास. काठापासून बाजार अर्धा तास. दोन दिवस कशाला?"

"दोन दिवस," काका म्हणाले. "आत गार झालेला मासा बाहेर बी गार राह्यते. आजचा दिस धरून वर एक दिस."

त्या 'वर एक दिस'चा अर्थ मी तेव्हा विचारला नाही. मला माझी लायकी सिद्ध करायची घाई झाली होती. माझ्या मनात हिशेब सरळ होता: मी काकूंचं नाव घालवलं, तर मीच ते पेटीत घालून परत आणीन. मग वाटीबद्दल कुणाला काही सांगायची गरजच राहणार नाही.

मी आलेख-कागदावर नकाशा काढला. नावेच्या मधल्या दोन फळ्यांमधली जागा मोजली, लांबी, रुंदी, उंची लिहिली, आणि सुताराकडून त्या मापाची पेटी करून आणली. चौघांनी ती उचलून नावेत ठेवली. ती वरच अडकून बसली, खाली हातभर पोकळी. काकांनी पेटीकडे पाहिलं, नावेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, हे पेटी पेटीतच बसन. आपल्या नावेले पोट हाये."

नाव खाली निमुळती होते ही गोष्ट आलेख-कागदावर दिसत नाही. पेटी मोडली. काकांनी जुन्या वह्यांचे पुठ्ठे मागून घेतले, ते नावेच्या पोटाला आतून लावून, कात्रीनं कापत कापत, शिंपी बाळाचं अंगडं बेतावं तसा पेटीचा आकार बेतला. ते पुठ्ठे म्हणजे आमच्या सातवीच्या गृहपाठाच्या वह्या होत्या. एका बाजूवर अजून माझ्या हातचा 'छान' होता.

दुसरा पराक्रम याहून मोठा. फळ्यांच्या आतून थर्माकोल लावायचा ठरला. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांनी थर्माकोलचा किल्ला केला होता, तो मी पोत्यात भरून आणला. आता पाणी आत शिरू नये म्हणून त्यावर फायबरचा थर द्यायला हवा, असं मी ठामपणे सांगितलं. मेहकरहून जाळीचं कापड आणि रेझिनचा डबा आणला. रेझिन घट्ट व्हावं म्हणून त्यात हार्डनर थेंब मोजून टाकला, ब्रश बुडवला आणि बुरुजावर पहिला हात मारला.

थर्माकोलनं एक सुस्कारा सोडला. मग त्याला खड्डा पडला. मला वाटलं, कमी लागलं असेल, म्हणून मी आणखी लावलं. खड्ड्याची खिंड झाली, खिंडीची दरी. पाण्यात गुळाचा खडा बसावा तसा अख्खा किल्ला माझ्या डोळ्यांदेखत खाली बसत गेला, आणि उरला तळाशी चिकट पांढरा लगदा आणि डोकं उठवणारा वास.

काकांनी वाकून वास घेतला. ते प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायचे.

"मास्तर," मग म्हणाले, "तुमचं विज्ञान तं जेवून राह्यलं."

एवढंच. काका दुसरे असते तर ही गोष्ट त्यांनी गावभर केली असती, आणि तो माझ्या वागण्याचा रास्त बदला झाला असता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ती गावभर मीच केली. राहवलंच नाही. बुरूज कसे बसले, खिंड कशी पडली, काका काय म्हणाले, सगळं हातवाऱ्यांसकट. लोक पुन्हा हसले. आणि हसून झाल्यावर चाळण्यावाला विचार करत म्हणाला, "म्हंजे मासा सडतच होता म्हना की. नाईतं पेटी कायले करून राह्यले असते?"

मी चहाचा कप तोंडाला लावला होता. तो तिथंच राहिला.

*

मग काकांनी माझा सल्ला घेणं थांबवलं आणि काम मार्गी लागलं. मेहकरला कुठंतरी त्यांनी भंगारवाल्याला फ्रिज फोडताना पाहिलं होतं. आत पिवळा, कोरड्या पावासारखा जाड थर. त्यांनी त्याचा तुकडा आणून माझ्या उरलेल्या रेझिनमध्ये बुडवला. तुकडा बुडाला, भिजला आणि होता तसाच वर आला.

त्या दिवसापासून काका घरोघर जाऊन विचारू लागले, "तुमच्याकडचा फ्रिज मेला का?"

आमच्या भागात फ्रिज मेला तरी घरातून जात नाही. त्यात कपडे ठेवतात, सातबारे ठेवतात, एका घरात तर सुनेचे दागिने त्याच्या बर्फाच्या कप्प्यात होते. लोकांना वाटलं म्हातारा बिघडला. पण काका ओट्यावर बसून राहत. फ्रिज रिकामा करून देईपर्यंत उठत नसत. असे पाच मेलेले फ्रिज आमच्या अंगणात आले. काका करवत घेऊन त्यांना मासा साफ करावा तसे पोटाकडून उघडत, पत्रा सालीसारखा बाजूला काढत आणि पिवळा गर काकूंच्या हातात देत. काकू तो पुठ्ठ्याच्या मापानं कापत.

तळाला चार बोटं, कडेला चार बोटं, झाकणाला सहा. मी म्हणालो, झाकणाला एवढं कशाला? काका म्हणाले, "उन्ह कुठून पडते, मास्तर?" फटी राहिल्या त्यात फ्रिजचाच चुरा रेझिनमध्ये कालवून भरला. वितळलेलं पाणी जायला कोपऱ्यात नळी, आणि नळीतून बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून तिला खाली वळण, हात धुवायच्या बेसिनखाली असतं तसं. हे वळण माझ्या डोक्यातून आलं होतं. संपूर्ण पेटीत माझं म्हणावं असं तेवढंच आहे. झाकणाला फ्रिजच्या दाराचंच रबर लावलं. झाकण मिटलं की 'धप्प' असा आवाज यायचा, आणि काका डोळे मिटून तो ऐकायचे. ते झाकण हीच मग त्यांची नावेतली बसायची फळी झाली.

परीक्षा मे महिन्यातच घ्यायची असं त्यांनी ठरवलं. मेहकरहून बर्फाची लादी गोधडीत गुंडाळून आणली, पेटीत ठेवली, झाकण लावलं. नाव मुद्दाम उन्हात ठेवली. गावातली माणसं येऊन "एकदा उघडून दाखवा ना" म्हणू लागली, तेव्हा काका झाकणावर जाऊन बसले. दोन दिवस बसले. काकू भाकरी तिथंच नेऊन देत. डोक्याला मफलर, खाली बर्फ, आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणी चोरून नेईल.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ते उठले. "उघडा मास्तर."

मी झाकण उचललं. आतून थंड हवा तोंडावर आली. तळाला उशीएवढी लादी शिल्लक होती, स्वच्छ, कडा गोल झालेली. काकांनी मफलर काढला. इतक्या काळात त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते पेटीत वाकले आणि त्यांनी लादीला गाल लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "आता ने बाजारात."

*

त्या बाजारच्या दिवशी पहाटे कटला निघाला, दोन रोहू निघाले. जाळ्यातून थेट पेटीत. काकू हिरवं लुगडं नेसल्या होत्या. मीही सोबत गेलो. रविवार होता, आणि मला तो क्षण पाहायचा होता.

काकूंनी टोपलं मांडलं. मासे असे होते की त्यांच्या डोळ्यांत आभाळ दिसत होतं. एक बाई आली. काकूंनी कल्ला उचलला. "पाहा." बाईनं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हसत पुढं गेली. मग दोघे आले, तेही हसले. दुपार चढू लागली. काकू दर थोड्या वेळानं माशांवर बर्फाचा चुरा सारखा करत होत्या.

मला सहन होईना. मी चाळण्यावाल्याच्या पेटाऱ्यावर चढलो. खरंच चढलो.

"ऐका," मी ओरडलो, "मी आजारी पडलो ना, तो मासा शिळा होता. मीच ठेवला होता. बारशाला जेवायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी काकूंकडे तेल मागायला गेलो, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, खाऊ नका, फेकून द्या. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. मासा चांगला होता."

लोकांनी माना वर केल्या. मला वाटलं, झालं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "तेल मांगायले!" आणि हशा पिकला. चाळण्यावाल्यानं मांडीवर थाप मारली. "मास्तर, लय भारी. हे नवीन जोडलं का आता? मासा ठेवून बारशाले गेले, मंग तेल मांगायले!"

"जोडलं नाही, खरं आहे हो—"

"हाव, हाव, खरंच. आता ते करा ना सर, ते पोहून राह्यला ते."

"सर, करा ना!"

आणि देवाशपथ सांगतो, माझे हात सवयीनं पोटाशी गेले. मी ते तिथंच घट्ट धरले. पण लोकांनी पाहिलं होतं. हसू आणखी वाढलं.

ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना हसवलं, त्याच्या खऱ्याला किंमत नसते, हे मला पेटाऱ्यावर उभं राहून कळलं. मी खाली पाहिलं. काकू टोपल्यावर पोतं झाकत होत्या. घाई नव्हती. चारही कोपरे नीट खोचले.

"चला सर," त्या म्हणाल्या. "लोक हसून राह्यले."

घरी आल्यावर मासे परत पेटीत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी ते तळले. आम्ही तिघं जेवायला बसलो. इतका गोड मासा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी खाल्ला नाही. काका काट्यांतून मांस सोडवत राहिले. मला काहीही झालं नाही, पोट साधं दुखलंसुद्धा नाही. त्या दिवशी ते दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर काकू बाजारात गेल्या नाहीत. त्यांच्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्यांवाला बसू लागला. काकांचा मासा टेम्पोवाला व्यापारी घेऊन जाई, दहा जणांच्या दहा ठिकाणच्या माशांत ओतून. तिथं कुणाच्या माशाला कुणाचं नाव नसतं. व्यापारी म्हणायचा, कायले बर्फ करता, मी पुढं टाकतोच ना. काका तरीही मेहकरहून लादी आणत, पेटी भरत, झाकण लावत, 'धप्प' ऐकत. इतका जपलेला मासा मग काठावर येऊन त्या ढिगात पडायचा. मी ते एकदा पाहिलं आणि पुन्हा काठावर गेलो नाही.

काकू बाजारच्या दिवशी लवकर अंघोळ करत, हिरवं लुगडं नेसत आणि दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहत. रस्त्यानं बाजाराला जाणाऱ्या बाया विचारत, "येता का?" काकू म्हणत, "आज नाई."

*

पुढच्या मे महिन्यात माझी बदली बुलढाण्याजवळ झाली. लोखंडी पेटी आणि वळकटी घेऊन मी बसथांब्यावर उभा होतो, तेव्हा काका आले. डोक्याला मफलर, हातात एक लहान डबा. उरलेल्या पिवळ्या थराचा केलेला, बाहेरून फायबर, वर फ्रिजच्या रबराचं झाकण.

"कटला हाये," ते म्हणाले. "पहाटचा. बर्फात हाये. घरी जाऊन खासान."

इतके महिने मी त्यांच्याशी वाटीबद्दल अक्षर बोललो नव्हतो. बाजारात बोललो होतो, पण ते त्या दिवशी धरणावर होते. काकूंनी सांगितलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ते घर आतलं आत ठेवणारं होतं ना. त्यामुळे तोंडातून जे शहाणपणाचं वाक्य निघायचं तेच निघालं.

"हो काका. आजच तळतो. अगदी पोचल्या पोचल्या."

काकांनी डबा माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. झाकण एकदा दाबून पाहिलं.

"नाई जमलं तं राहू द्या," ते म्हणाले. "कोनाकडं जेवायले जा लागते. बारसं असते. मानूस ठेवते." मग थांबले. बस वळणावर दिसत होती. "उद्या खाल्ला तरी चालन, मास्तर. दोन दिवसाचा बर्फ हाये."

बस आली. मी चढलो. काचेतून पाहिलं तर ते पाठ फिरवून चालू लागले होते.

बुलढाण्यापर्यंत डबा मांडीवर होता. मे महिना, बस भट्टीसारखी, आणि डब्यात शिगोशीग बर्फ. घाट चढताना मी हात लावून पाहिला. बाहेरून तो गार नव्हता. आतलं काहीसुद्धा तो बाहेर येऊ देत नव्हता.